रिपोर्ट नॉर्मल आहे

मागच्या महिन्यात एका गुरुवारी रात्री मावशीचा फोन आला. इथे बहारीनमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे गुरुवारची रात्र ही गावाकडच्या फोनांची रात्र. मावशीची धाकटी मुलगी संभाजीनगरला हॉस्टेलवर राहून इंजिनियरिंग करते, दुसऱ्या वर्षाला आहे. तिने सेमिस्टरचा एक पेपर अर्धवट सोडला आणि रिक्षा करून रूमवर जाऊन झोपली. का, तर पोटात दुखत होतं.

"आता तूच समजाव तिला," मावशी म्हणाली. "तुझं ऐकते ती. अरे, पाळीत कुणाच्या पोटात दुखत नाही? आम्ही काय त्या दिवसांत शेतात कामं केली नाहीत? बरं, डॉक्टरकडंही नेऊन आणलं. सोनोग्राफी केली. रिपोर्ट नॉर्मल आहे."

फोन स्पीकरवर होता. बायको समोर बसून मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. बोलली काही नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. कारण ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे वाक्य आमच्याकडे तेरा वर्षं मुक्कामाला होतं, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं ते मी स्वतः म्हणत होतो.

एरवी मी इथे कॉजवेवरची गर्दी, अरबी खबूस आणि आपल्या भाकरीचं नातं, असल्या विषयांवर लिहितो. आज पाळीवर लिहिणार आहे. ज्यांना अवघडल्यासारखं होईल त्यांनी, विशेषतः पुरुष मंडळींनी, थोडं अवघडून का होईना पण पुढे वाचावं. बायकोच्या परवानगीने लिहितोय. मसुदा तिने वाचला, दोन परिच्छेद खोडले. ते कशाबद्दल होते हेही मी सांगणार नाही.

आधी कबुली. मी डॉक्टर आहे तो पाईपांचा. नेदरलँड्समध्ये पीएचडी केली ती अल्ट्रासाउंड वापरून पाईपचा आतला गंज कसा शोधायचा यावर, आणि पोटापाण्याला इथेही तेच करतो. अरबस्तानच्या या किनाऱ्यावर पहिल्यांदा तेल लागलं ते बहारीनमध्ये, १९३२ साली. त्यामुळे पाईप भरपूर, हवा खारट, आणि गंज म्हणाल तर आमच्या जन्माला पुरेल एवढा. सांगायचा मुद्दा असा की सोनोग्राफीचं यंत्र ज्या तत्त्वावर चालतं तेच माझं रोजचं हत्यार आहे. आवाजाची लहर आत पाठवायची, परत आलेला प्रतिध्वनी वाचायचा. आमच्या अहवालात आम्ही कधीही ‘पाईप चांगला आहे’ असं लिहीत नाही. ‘तपासलेल्या ठिकाणी, या पद्धतीने, दोष आढळला नाही’ असं लिहितो. पहिल्याच महिन्यात प्रत्येक शिकाऊ पोराला हे घोकवतो. आणि हाच माणूस घरी येऊन बायकोला सहा वर्षं सांगत होता, "अगं, सोनोग्राफी नॉर्मल आहे म्हणजे काही नाहीये."

तिचं दुखणं २००८ साली बारावीत असताना वाढलं. रसायनशास्त्राचा पेपर तिने इंजेक्शन घेऊन दिला. आई म्हणाली, लग्न झालं की थांबतं. २०१५ साली आमचं लग्न झालं, थांबलं नाही. मग दोन्हीकडच्या आया म्हणायला लागल्या, एक मूल झालं की थांबतं. मधल्या काळात ॲसिडिटी झाली, आतड्यांचा ताण झाला, लघवीच्या इन्फेक्शनचे कोर्स झाले, मूतखड्याची शंका घेऊन झाली. नेदरलँड्समध्ये तर विचारायलाच नको. तिथे कुठलंही दुखणं घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जा, तुमच्या हातात पॅरासिटामॉलचा सल्ला पडतो, हा तिथल्या सगळ्या परदेशी लोकांचा लाडका विनोद आहे. आम्हीही तो चारचौघांत सांगून हसवायचो. त्या विनोदात दुखणं बायकोचं असायचं.

२०१७ सालची एक संध्याकाळ मात्र मला अजून टोचते. आम्ही डेल्फ्टला राहत होतो. माझ्या प्राध्यापकांकडे जेवायला जायचं होतं, आणि ही बाथरूमच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. मी दारात उभा राहून घड्याळ बघत म्हणालो, "आमच्या लॅबमधल्या मुली येतातच ना गं कामावर?" ती उठली, दोन गोळ्या घेतल्या, साडी नेसली आणि आली. जेवताना हसून बोललीसुद्धा. परत येताना मी म्हणालो, "बघ, गेलं की नाही?"

असो. आता आजाराबद्दल.

एंडोमेट्रिओसिस असं त्याचं लांबलचक नाव. मराठीत याला घरगुती शब्द नाही, ‘चॉकलेट सिस्ट’ तेवढा लोकांच्या कानावरून गेलेला असतो. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं आणि पाळीत गळून पडतं. तसल्याच जातीचा पेशींचा थर गर्भाशयाच्या बाहेर उगवला, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, आतड्यावर, मूत्राशयावर, तर त्यालाही शरीरातल्या हार्मोन्सचा तोच हुकूम लागू होतो. तोही वाढतो, सुजतो, त्यातूनही रक्त येतं. फरक एवढाच की त्या रक्ताला बाहेर जायला वाट नसते. मग तिथे दाह होतो, जखमेसारखे व्रण धरतात, कालांतराने आतले अवयव एकमेकांना चिकटायला लागतात. अंडाशयात जुनं रक्त साठून त्याचा पाक होतो तेव्हा ती गाठ चॉकलेटसारखी दिसते, म्हणून ते नाव. अमेरिकेत ऑल्बनीला जॉन सॅम्पसन नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्यांनी १९२१ साली या गाठींवर लिहिलं आणि १९२७ साली मांडलं की पाळीचं रक्त थोडं उलटं, नळ्यांमधून पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. आता गंमत अशी की असं उलटं रक्त बहुतेक सगळ्याच बायकांत थोडंफार जातं, पण आजार होतो दहातल्या एकीला. बाकी नऊजणींत का रुजत नाही, याचं पूर्ण उत्तर शंभर वर्षांनंतरही मिळालेलं नाही.

दहातली एक हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज, म्हणजे जगात सुमारे १९ कोटी. भारतातला अंदाज चार कोटींच्या वर जातो. तुमच्या लग्नाच्या अल्बममधला बायकांचा एखादा ग्रुप फोटो काढा आणि मोजा.

लक्षणं वाचली तर प्रत्येक लक्षण दुसऱ्याच कुठल्या तरी आजाराचं वाटतं, हीच तर अडचण. पाळीत असह्य कळा, हे मुख्य. पण काहींना पाळीच्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला बसताना सुरी फिरवल्यासारखं होतं. काहींना नवऱ्याजवळ जाताना आत खोलवर दुखतं, आणि हे त्या कुणाला म्हणजे कुणालाच सांगत नाहीत. कंबर भरून येते, पोट ढोलासारखं फुगतं, दिवसभर झोपूनही न जाणारा थकवा असतो. काहींच्या बाबतीत दुखणं फार नसतं, मूल राहत नाही म्हणून तपासायला गेलं की मग कळतं. क्वचित कुणाच्या छातीच्या पडद्यावर हा थर असतो आणि दर पाळीला उजवा खांदा दुखतो! अशा बाईने हाडांच्या डॉक्टरकडे किती खेपा घातल्या असतील याचा विचार करा. आणखी एक चकवा म्हणजे आजाराच्या चार पायऱ्या मानतात, पण पायरी आणि वेदना यांचा मेळ लागत नाही. पहिल्या पायरीची बाई जमिनीवर लोळेल आणि चौथ्या पायरीचीला पत्ताही नसेल. त्यामुळे "एवढुशा ठिपक्याने एवढं कसं दुखेल" हा प्रश्नच चुकीचा.

आमचं निदान इथे, बहारीनमध्ये, २०२१ साली झालं. तेही अपघातानेच. बायको एका भारतीय शाळेत शिकवते. शाळेत चक्कर आली म्हणून मी तिला मनामातल्या एका दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर सुदानच्या होत्या, पन्नाशीच्या, डोक्यावरून पांढरा तोब घेतलेल्या. मी आपली फाइल पुढे केली. आधीच्या तीन सोनोग्राफी, तिन्ही नॉर्मल. त्यांनी फाइल उघडली नाही. बायकोला विचारलं, "त्या दिवसांत शौचाला बसताना दुखतं का?" मग दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न. प्रत्येकाला ‘हो’. मी बाजूला उभा राहून ही उत्तरं पहिल्यांदा ऐकत होतो. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

नंतर त्यांनी आतून सोनोग्राफी केली, चांगली अर्धा तास. जिथे दुखतं तिथेच प्रोब हळू दाबायचा आणि पडद्यावर बघायचं की गर्भाशय आणि त्याच्या मागचं आतडं एकमेकांवरून घसरतंय की नाही. निरोगी पोटात ते घसरतं, चिकटलेलं असेल तर दोन्ही एकत्र हलतात. हे ऐकून माझ्यातला इंजिनियर त्या परिस्थितीतही खूश झाला, इतकी साधी आणि चलाख तपासणी आहे ही. आमच्याकडे घसरलं नाही. डाव्या अंडाशयावर गाठ होती, मागे चिकटलेलं होतं. ती गाठ आधीच्या वेळी लहान असेल किंवा नसेलही, पण मागचा भाग आधी कुणी मुद्दाम शोधलाच नव्हता. पोटावरून वरवर प्रोब फिरवून गर्भाशय ठीक, अंडाशय ठीक, झालं. तपासलेल्या ठिकाणी, त्या पद्धतीने, दोष आढळला नव्हता.

जाताना बाईंनी आजाराचं अरबी नाव सांगितलं, ‘बितानत अर-रहिम अल-मुहाजिरा’. बिताना म्हणजे अस्तर, रहिम म्हणजे गर्भाशय, आणि मुहाजिरा म्हणजे घरदार सोडून परमुलखात गेलेली. गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे हिलाही रेसिडेन्सी लागणार." आम्ही दोघं हसलो, मग ती रडायला लागली. मला वाटलं घाबरली. विचारलं तर म्हणाली, "घाबरले नाही रे. मी खोटं बोलत नव्हते, एवढं कळलं."

आता थोडं ‘नॉर्मल’ या शब्दाकडे येतो. पूर्वी हे निदान पक्कं करायचं तर पोटात दुर्बीण घालूनच, असा दंडक होता. त्यामुळे एकीकडे ऑपरेशनची भीती आणि दुसरीकडे ‘नॉर्मल’ सोनोग्राफी, यांच्यामध्ये बायका वर्षानुवर्षं लटकायच्या. युरोपातल्या एश्रे या संस्थेने २०२२ साली आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली. नीट विचारलेला इतिहास, तपासणी, जाणकार हातांनी केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय यावरून निदान करता येतं, आणि या तपासण्यांत काही दिसलं नाही तरी लक्षणांवरून औषध सुरू करता येतं. दुर्बीण राखून ठेवायची. चॉकलेट सिस्ट आणि खोलवरचा आजार सोनोग्राफीत सापडू शकतो, पण पडद्यावर पसरलेले वरवरचे ठिपके चांगल्या सोनोग्राफीलाही दिसत नाहीत. म्हणजे नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ‘गाठ दिसली नाही’ इतपतच. आणि हो, सीए-१२५ नावाची रक्ततपासणी काही पॅकेजांत विकतात, तिच्यावरून हा आजार आहे किंवा नाही असं काहीच ठरवू नये, हेही त्याच मार्गदर्शनात आहे.

आपल्याकडे यात एक खास पेच आहे, आणि तो इथल्या अरबी घरांतही जसाच्या तसा आहे. लग्न न झालेल्या मुलीची आतून सोनोग्राफी करत नाहीत. कुणी सुचवलं तर घरात भूकंप होईल. माझ्या मावसबहिणीची सोनोग्राफी अर्थातच पोटावरून झाली होती, भरलेल्या मूत्राशयावर, पाच मिनिटांत. म्हणजे ज्या वयात हा आजार सुरू होतो त्याच वयातल्या मुलींना आपण सगळ्यात कमी बघणारी तपासणी देतो आणि तिच्या निकालावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो. आतून तपासणी नको असेल तर नका करू, एमआरआयचा पर्याय आहे. पण मग निदान त्या पाच मिनिटांच्या कागदाचा वापर मुलीला गप्प करायला तरी करू नका.

निदानाला उशीर हा फक्त आपल्या मागासलेपणाचा भाग आहे असं समजायचं कारण नाही. ब्रिटनसारख्या फुकट उपचारांच्या देशात, तिथल्या रुग्णसंघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा सरासरी काळ ८ वर्षं १० महिने आला. आमच्या शेजारच्या अमिरातीत अरब बायकांवर झालेल्या एका अभ्यासात (२०२१) तो अकरा वर्षांच्या वर होता. आमची तेरा. यंत्रं आहेत, पैसा आहे, डॉक्टर आहेत, आणि तरी वर्षं जातात ती कुठे? माझं मत विचाराल तर निम्मी वर्षं दवाखान्याच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच जातात. ती आई, मावशी, हॉस्टेलची रेक्टर आणि माझ्यासारखा नवरा मिळून खातात. उरलेली दवाखान्यात जातात, कारण तिथे पोचेपर्यंत बाईने स्वतःच आपलं दुखणं लहान करून सांगायला शिकलेलं असतं. "तसं फार काही नाही डॉक्टर, पण..." हे वाक्य तिच्या तोंडात आपण सगळ्यांनी घातलेलं असतं.

बहारीनमध्ये उन्हाळ्यातले ठरावीक महिने दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. ऊन दिसतं, थर्मामीटरवर आकडा येतो, त्यामुळे मजूर आळशी आहे असं कुणी म्हणत नाही. आता बायकोची गोष्ट घ्या. २०१२ च्या इथल्या कामगार कायद्यानुसार खासगी नोकरीत वर्षाला १५ दिवस पूर्ण पगारी आजारपणाची रजा मिळते, पुढचे २० दिवस अर्ध्या पगारावर, त्यापुढचे २० बिनपगारी. पंधराला बारा महिन्यांनी भागा. महिन्याला सव्वा दिवस. आणि ताप-सर्दीला उरलेलं शून्य. निदान होण्याआधी तर प्रत्येक वेळी सर्टिफिकेटवर वेगळं कारण असायचं, पोटदुखी, ॲसिडिटी, अशक्तपणा. शाळेत कुणीतरी म्हणालंच, या बाईंना दर महिन्याला नवा आजार कसा होतो?

हे झालं सुशिक्षित, नोकरदार, विमा असलेल्या बाईचं. माझं गाव बीड जिल्ह्यातलं. आमच्या गावातून दसरा-दिवाळीनंतर उसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि एक दिवस खाडा झाला की दंड. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर गदारोळ झाला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. सहातली एक. त्या बायकांना एंडोमेट्रिओसिस होता असं मी अजिबात म्हणत नाही. पोट दुखतं, अंगावरून जातं, ही तक्रार घेऊन गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला किती सहज मिळतो, एवढंच मला दिसतं. आमच्या शेजारच्या काकूंची पिशवी तिशीच्या आत काढली. कशासाठी काढली असं मी मागच्या दिवाळीत विचारलं, तर म्हणाल्या, "दुखत होतं म्हणून." काय झालं होतं? "ते नाही विचारलं." आणि हा आजार तर मुळात गर्भाशयाच्या बाहेर असतो. नुसती पिशवी काढली आणि बाहेरचे थर तसेच राहिले तर दुखणंही राहू शकतं.

बघा, एकाच पोटदुखीची दोन टोकं. शहरातल्या पोरीला सांगायचं काही झालेलंच नाही, आणि उसाच्या फडातल्या बाईचा अवयवच काढून टाकायचा. नेमकं काय झालंय हे शोधायचं काम दोन्हीकडे राहूनच जातं.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस प्रत्येक पोटदुखीला एंडोमेट्रिओसिस ठरवायला निघाला. तसं नाही. पाळीत पोट दुखणं बहुतेकींना होतं आणि बहुतेकींच्या बाबतीत त्यामागे कुठलाही आजार नसतो. गरम पाण्याची पिशवी, एखादी गोळी, दिवसभराची विश्रांती, झालं. माझी कसोटी साधी आहे. गोळी घेऊनही परीक्षा, नोकरी, झोप बुडत असेल, दुखणं वर्षागणिक वाढत असेल, पाळीच्या दिवसांत शौचाला-लघवीला दुखत असेल, तर ते सहन करण्याच्या यादीतून काढून तपासण्याच्या यादीत टाकावं. भारतातून परत येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या बॅगेत मेफ्टल स्पासच्या पट्ट्या असतात, आमच्याही असायच्या. २०२३ च्या अखेरीस भारतीय फार्माकोपिया आयोगाने त्यातल्या मेफेनॅमिक ॲसिडच्या एका दुर्मिळ पण गंभीर दुष्परिणामाबद्दल सावधगिरीची सूचना काढली तेव्हा मी सहज हिशोब केला, की लग्नानंतरच्या सहा वर्षांत बायकोने किती गोळ्या खाल्ल्या असतील. तो आकडा इथे लिहीत नाही.

उपचारांबद्दल थोडक्यात, कारण ते तुमचे डॉक्टर सांगतील. समूळ बरं करणारं औषध आज नाही. हार्मोनच्या गोळ्या (डायेनोजेस्ट हे नाव भारतातही सर्रास मिळतं) त्या थराची वाढ रोखतात, गरज पडली तर दुर्बिणीतून तो काढतात, आणि तरी परत येऊ शकतो. बायको आज औषधावर आहे, एक ऑपरेशन झालंय, महिन्यातले बरेच दिवस तिचे स्वतःचे असतात. लग्न हा उपचार नाही. मूल हाही नाही. निव्वळ आजार बरा व्हावा म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये असं २०२२ च्या त्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं आहे. हे मी दोन्हीकडच्या आयांना मराठीत भाषांतर करून वाचून दाखवलं. माझी आई बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "माझंही दुखायचं रे." सासूबाईंनी विषय बदलला.

एक बरी गोष्टही सांगतो. मुंबईत परळला प्रजनन आरोग्यावरची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. राहुल गजभिये यांच्या पुढाकाराने भारतीय बायकांमधल्या या आजाराचा, त्यांच्या लक्षणांचा आणि जनुकांचा मोठा अभ्यास हाती घेतला गेला. आजवरची जनुकीय माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या बायकांची, त्यामुळे आपल्याकडे असं काम व्हायलाच हवं होतं. (जाता जाता, हा आजार अगदी मोजक्या पुरुषांतही आढळलेला आहे, बहुतेक करून दीर्घकाळ हार्मोनचे उपचार घेतलेल्यांत. आमच्या मित्रमंडळात हे सांगितल्यावर एकदम सगळ्यांना विषयात रस वाटू लागला.)

तर त्या रात्री मावशीला मी म्हणालो, पोरीशी बोलतो, पण तुला हवं ते सांगणार नाही. मग बहिणीला फोन लावला. आधी ती सावधपणे बोलत होती, दादा आता आत्मविश्वासावर भाषण देणार असं धरूनच चालली होती. मी तिला इंजिनियरला इंजिनियर सांगतो तसं सांगितलं, की तीन महिने नोंद ठेव. कुठल्या तारखेला, कुठे, किती, शून्य ते दहात. गोळी कधी घेतली, किती वेळाने उतार पडला, काय बुडालं. शौचाला दुखलं तर तेही लिही. डॉक्टरसमोर ‘फार दुखतं’ म्हणण्यापेक्षा हा कागद ठेव. आणि पुढच्या वेळी एकटी जाऊ नकोस, आईला आत घेऊन जा, म्हणजे ती उत्तरं आईच्याही कानावर पडतील.

ती म्हणाली, "दादा, तीन महिने कशाला? माझ्याकडे अकरावीपासूनचं आहे." मोबाईलमध्ये ठेवलं होतं म्हणे. कुणी मागितलंच नव्हतं.

पाच मिनिटांत तिने ते पाठवलं. मी उघडून वाचायला लागलो, तेवढ्यात बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला, "वहिनी बोलतेय गं," म्हणत आत गेली आणि दार लावून घेतलं. मेथी तशीच पडली होती. मी निवडायला बसलो. पाऊण तास झाला तरी दोघींचं चाललंच होतं.